ओल्या मिरचीचं वजन

धुळ्याच्या आहारवाल्या बाईने मला फसवलं. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा माझं वजन उतरलं तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ते परत चढलं तेव्हा. तिच्या फीबद्दल माझी तक्रार नाही. ती मी घासाघीस करून दिली आणि तो विषय तिथेच संपला. माझं भांडण वजनाबद्दल आहे. वजनात कोणी मला फसवावं आणि मी चार महिने मान डोलवत बसावं, हे माझ्या हातून पहिल्यांदाच घडलं, म्हणून जास्त लागलं.

मी मसाल्याच्या धंद्यातली बाई. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा सासरी मिरची कांडायचं एकच यंत्र होतं, आणि तेही निम्मा दिवस बंद पडलेलं असायचं. मी डोक्यावर पाटी घेऊन कॉलन्यांमधून काळा मसाला विकला. आज दोन यंत्रं आहेत, हाताखाली चार बाया आहेत आणि धुळे-नंदुरबारकडची मिरची मी स्वतः निवडून घेते. मिरची घेण्यात सगळी मेख पाण्याची असते. वाळलेली मिरची हलकी, म्हणून विकणारा तिच्यावर पाणी शिंपडतो. विचारलं तर सांगतो, पोत्यात भरताना तुटू नये म्हणून शिंपडलं. ते थोडंफार खरंही असतं. पण पाणी किती शिंपडायचं ते त्याच्या हातात, आणि किती कापायचं ते माझ्या. मी मूठभर मिरची कानाशी हलवते. बी खुळखुळलं तर कोरडी. देठ वाकवते. कटकन मोडला तर कोरडी, नुसता वाकला तर ओली. मग मी पोत्यामागे वजनातून कपात सांगते आणि तिथून भांडण सुरू होतं. माझ्या तोंडाची बाजारात भीती आहे. असू दे.

पोती ओढून ओढून मला बेंबीपाशी हर्निया झाला. लिंबाएवढी गाठ होती, ती पेरूएवढी झाली. खोकला आला की आधी हात पोटावर जायचा, मग तोंडावर. मिरचीच्या कारखान्यात खोकला किती येतो ते मी सांगायला नको. जळगावचे सर्जन म्हणाले, शिवून देतो, पण आधी वजन ऐंशीच्या आत आणा. एवढ्या पोटावर घातलेले टाके टिकायचे नाहीत. तेव्हा मी एक्याण्णव होते. मी विचारलं, पंच्याऐंशीला नाही का जमणार?

"मावशी," ते म्हणाले, "इथे एकच भाव असतो."

त्यांनी मे महिन्याच्या शेवटची तारीख दिली. तोवर मसाल्याचा हंगाम उरकतो, म्हणून ती मीच मागून घेतली होती. पण उशीर करू नका, आतडं हर्नियाच्या भोकात अडकलं तर मग तारीख बघायला वेळ मिळत नाही, असंही त्यांनी बजावलं. ते ऐकल्यापासून मी शिंकायलाही घाबरायची.

आहारवाल्या बाईचं नाव मला माझ्या भावजयीने सुचवलं. माझं माहेर धुळ्याजवळचं. भावजयीने स्वतः तिच्याकडे दोन महिने काढले होते आणि नंतर सोडून दिलं होतं. मी एकदा धुळ्याला जाऊन बाईंना भेटले, पुढचं सगळं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. भाकरी बंद, पोळी बंद, भात, बटाटा, साखर, गूळ बंद. केळी बंद. जळगावात राहून केळी बंद करणं म्हणजे काय, ते जळगावच्या माणसाला विचारा. अंडी, पनीर, ताक, शेंगदाणे, पालेभाज्या चालतील. भरताचं वांगं चालेल, पण भाकरीशिवाय. मी पहिल्या दिवशी भरीत चमच्याने खायला बसले, तर आमचे हे म्हणाले, "भरीत चमच्याने? आता रस काट्याने खा."

पहिल्याच आठवड्यात माझं चार किलो वजन उतरलं. बाईंनी ग्रुपमध्ये चार किलो वनस्पती तुपाच्या पिशव्या ओळीने मांडलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, बघा, ताईंनी सात दिवसांत एवढी चरबी वितळवली. खाली टाळ्यांची रांग लागली. माझी छाती फुगली. त्या पिशव्यांचा फोटो मी कामावरच्या बायांना दाखवला, समोरच्या किराणावाल्याला दाखवला, नको होतं त्यालाही दाखवला.

नंतर मात्र वजन अडून बसलं. दुसऱ्या आठवड्यात जेमतेम अर्धा किलो. तिसऱ्यात काहीच नाही. बाई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यासारखी जिद्द राहिली नाही तुमची. मी मान्य केलं. जिद्द कमी म्हटलं की मला राग येतो, आणि राग आला की मी जास्त काम करते. अशी रागारागाने, अर्ध्या-अर्ध्या किलोने उतरत मी चार महिन्यांत एकोणऐंशीवर आले. नीट सांगायचं तर एकोणऐंशी किलो तीनशे ग्रॅम.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेकीने माहेरी जायचं, ही आमच्याकडची रीत. त्यातून वडील जाऊन दोन वर्षं झालेली. त्यांच्या नावाने घागर भरायची, तिला नैवेद्य दाखवायचा, आणि त्या पानावर बसून थोरल्या लेकीने म्हणायचं की मला पोळी चालत नाही? ते मला जमलं नसतं. मी ठरवलं, चार दिवस सुट्टी. भावजय खापरावर मांडे करते. हातावर पुरण भरलेला गोळा फिरवत फिरवत एवढा पातळ करते की पलीकडचं दिसावं. चार दिवस मी मांडे खाल्ले, आंब्याचा रस वाट्यांनी प्यायले, कुरडया, भजी, लोणचं, सगळं खाल्लं. झोक्यावर बसले. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणाशी भांडले नाही. हे भावजयीने बोलून दाखवलं, तेव्हा मला कळलं.

पाचव्या दिवशी जळगावला आले आणि सकाळी वजनकाट्यावर उभी राहिले. त्र्याऐंशी किलो चारशे.

मी उतरले, परत चढले. तेवढंच. मला पहिला संशय काट्याचा आला. माझ्या धंद्यात काटाच खोटा असू शकतो, हे आधी तपासतात. दुकानातलं सरकारी शिक्क्याचं वीस किलोचं वजन ह्यांना आणायला लावलं. उचलायची मला बंदी होती. त्यांनी ते काट्यावर ठेवलं. काट्याने वीस दाखवलं, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. काटा खरा निघाला. म्हणजे खोटी मीच. ऑपरेशनच्या तारखेला बारा दिवस होते.

बाईंना फोन केला. सगळं खरं सांगितलं, मांड्यांसकट. त्या म्हणाल्या, "चार महिन्यांची मेहनत तुम्ही चार दिवसांत घालवली, ताई. गेलेली चरबी परत आली."

मी विचारलं, बारा दिवसांत उतरेल का?

"आता कुठलं? पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल. डॉक्टरांना सांगा, तारीख पुढे ढकला."

मी फोन ठेवला. तारीख पुढे ढकलायची म्हणजे पावसाळा, मग पितरं, मग दिवाळीचा मसाला. म्हणजे पुढचं वर्ष. तोपर्यंत ही गाठ घेऊन खोकत बसायचं, आणि रोज सकाळी उठलं की आज अडकते का उद्या, ते बघायचं.

माझा राग कुठेतरी निघणार होता, तो भावजयीवर निघाला. फोन करून मी तिला म्हटलं, तू रसात गूळ घातलास. मांड्यावर तूप ओतलंस. तुझ्याने त्या बाईकडे टिकलं नाही, म्हणून माझंही टिकू नये असं तुला वाटत होतं. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. पण बोलले.

ती आवाज न चढवता म्हणाली, "मी वाढलं, ताई. तुम्ही खाल्लं. दोघींचं मिळून झालं." आणि फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस भावाचाही फोन आला नाही.

दोन दिवसांनी धुळ्याकडून नेहमीचा मिरचीवाला हंगामाची शेवटची पोती घेऊन आला. वयाने माझ्याएवढाच, पोरवयापासून याच धंद्यात. आमचं वर्षानुवर्षं भांडण चालू आहे आणि वर्षानुवर्षं मी त्याच्याकडूनच घेते. मी पोत्यात हात घातला. मूठ कानाशी हलवली. आवाज नाही. देठ वाकवला, तो दोरीसारखा वाकला. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी त्याला म्हटलं, ही मिरची आहे की भिजवलेली गोधडी? एवढं पाणी मी मिरचीच्या भावाने घेणार नाही. त्याने शपथा खाल्ल्या. मी आणखी कपात सांगितली. शेवटी तोही वैतागला आणि पोत्याला लाथ मारून म्हणाला, "पानी शे ते, आक्का. पानीच शे. दोन दिन ऊनमा टाका, बठ्ठं उडी जाई. मिरची शे तेवढीच राही. मंग काय भांडस?"

मी हातातला देठ परत पोत्यात टाकला. त्याला वाटलं मी कपात सोडली, म्हणून तो घाईने पोती उतरवायला लागला. मी पाटावर बसून राहिले.

मिरची तेवढीच. पाणी आलं, पाणी जाईल. हे मी बावीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवत आले होते. आणि स्वतःच्या अंगाचं वजन चढलं तेव्हा मी देठ वाकवून पाहिला नव्हता.

मग मी सगळं आठवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात चार किलो गेले तेव्हा मी दिवसभर लघवीला जात होते. कामावरच्या बाया हसायच्या. एक तर म्हणाली होती, आक्का, तुमच्यासाठी यंत्राशेजारीच मोरी बांधून घ्या. म्हणजे जात होतं ते पाणी. आणि आखाजीहून आले तेव्हा बोटातली अंगठी फिरत नव्हती, चपलेचा पट्टा पायावर रुतला होता आणि सारखी तहान लागत होती. म्हणजे येत होतं तेही पाणी. चार किलो वनस्पती तूप माझ्या अंगातून सात दिवसांत गेलं नव्हतं, आणि चार दिवसांत परतही आलं नव्हतं. कोरड्या मालाच्या नावावर ओला माल विकला होता, आणि मी शिक्का न बघता घेतला होता.

पण हा अंदाज होता. मी अंदाजावर माल घेत नाही. मिरचीवाला सांगून गेला होता, दोन दिवस उन्हात टाका. मी उपाशी राहिले नाही, काढे प्यायले नाही. फक्त आधी जे खात होते ते परत खायला लागले. भरीत, अंडी, ताक. आणि रोज सकाळी काट्यावर. त्र्याऐंशी चारशेचं ब्याऐंशी सहाशे झालं. मग एक्याऐंशी सातशे. मग एक्याऐंशीच्या खाली. रोज सकाळी अंगठी फिरवून बघायची. चौथ्या दिवशी ती फिरली. मी ह्यांना हाक मारून दाखवली. त्यांना वाटलं अंगठी हरवली होती.

तरी तारखेच्या चार दिवस आधी काटा ऐंशी शंभरवर अडला. तेवढ्या शंभर ग्रॅमसाठी माझी तारीख जाणार, असं वाटून मला त्या दिवशी भूकही लागली नाही. मी सर्जनांकडे गेले ते तयारीनेच. खरं तर मनात एक वाक्य बांधून नेलं होतं, की तारीख पुढे ढकलायची असेल तर ढकला, पण फार लांबची देऊ नका. त्यांनी काट्यावर उभं केलं. तिथेही ऐंशीच्या वर काहीतरी. मी म्हटलं, "डॉक्टर, बारदान वजा करा."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, पोत्याचं वजन आम्ही मालातून वजा करतो. ही साडी आहे, ब्लाउज आहे, मंगळसूत्र आहे. सिस्टरबाई तोंडावर रुमाल धरून हसल्या. डॉक्टरही हसले. मग मी त्यांना आखाजीपासून सगळं सांगितलं, मिरचीवाल्यापर्यंत. भावजयीचं तेवढं गाळलं.

ते म्हणाले, मिरचीवाला बरोबर बोलला. भाकरी, पोळी, साखर यातून मिळालेली साखर शरीर थोडीशी साठवून ठेवतं, आणि ती साठवताना तिच्यासोबत बरंच पाणी धरून ठेवतं. ते खाणं बंद केलं की साठा संपतो, पाणी निघून जातं, म्हणून पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली येतो. परत खाल्लं की साठा भरतो, पाणी परत येतं. त्यात कुरडया, लोणच्याचं मीठ, तेही पाणी धरतं. आणि पोटातलं अन्न असतं ते वेगळंच. चार दिवसांत चार किलो चरबी वाढवायला माणसाला जेवढं खावं लागेल, तेवढं तुम्ही खाल्लं असतंत तर माझ्याकडे आला नसतात, ते म्हणाले, दुसरीकडेच पोचला असतात.

मी विचारलं, मग खरी चरबी किती वाढली?

"अर्धा किलो धरा. मांड्यांचा."

मी म्हटलं, पाव किलो धरा.

"मावशी, धरा पाव किलो. पण असंच महिनाभर खाल्लं तर मग ते पाणी नसेल, हे लक्षात ठेवा." आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहून सिस्टरबाईंकडे दिलं. "तारीख तीच राहू द्या. पाण्याकडे बघून मी तारखा बदलत नाही. रक्तातली साखर ठीक आहे, पोट उतरलंय. आणि चार दिवसांत शंभर ग्रॅम तर तुम्ही भांडूनही उतरवाल."

मी बाहेर बाकड्यावर येऊन बसले. चार महिन्यांची मेहनत कुठेही गेली नव्हती, ती अंगावरच होती. शेजारी एक म्हातारे बाबा बसले होते. ते म्हणाले, काय झालं बाई, काही वाईट सांगितलं का? मी म्हटलं, नाही बाबा, पाणी निघालं. त्यांनी मान हलवली. त्यांना काय समजलं, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. टाके टिकले. आता खोकला आला की माझा हात सरळ तोंडावर जातो. घरी आल्यावर पडल्या पडल्या मी पहिला फोन भावजयीला लावला. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे मी सर्जनांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं तिला ऐकवलं, साखर, साठा, पाणी, मीठ. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे माझ्या गुळाने काही झालं नाही?"

मी म्हटलं, नाही. तू काही केलं नाहीस. मी उगाच बोलले.

ती म्हणाली, "पुढच्या आखाजीला दुकानातलं वजन घेऊन या, ताई. मांडे मोजून वाढते." मग दोघी हसलो. हसताना टाके ओढले गेले आणि मी तिला थांब म्हटलं, तर ती आणखीच हसायला लागली.

तिच्याशी बोलताना आणखी एक कळलं. तिनेसुद्धा त्या बाईकडचं सोडलं ते एका लग्नानंतर. दोन दिवस लग्नाचं जेवली, वजन तीन किलोने चढलं, बाई म्हणाल्या सगळं वाया गेलं. आपल्याने होणार नाही असं समजून तिने सोडून दिलं. तिने एक दिवसही थांबून बघितलं नाही, की ते उतरतं का. तिला थांबायला कोणी सांगितलंच नाही. आता ती म्हणते, गेलं ते गेलं. मी तसं म्हणत नाही.

मी ग्रुपमध्ये प्रश्न लिहिला. साध्या भाषेत, शिवी न देता, आणि ह्यांना वाचून दाखवून मग टाकला. बाई, पहिल्या आठवड्यात माझ्या अंगातून चार किलो गेले ते काय होतं? चरबी असेल, तर माझी आखाजीनंतरची तेवढीच चरबी भरीत-ताक खाऊन आठवड्याभरात कुठे गेली, ते सांगा. पाणी असेल, तर तुपाच्या पिशव्यांचा फोटो खाली घ्या, आणि लग्नाकार्यानंतर घाबरून सोडून गेलेल्या प्रत्येक बाईला फोन करून सांगा की ते पाणी होतं, थांबली असतीस तर उतरलं असतं. माझ्या भावजयीपासून सुरुवात करा.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. तो फोटो अजून तिथेच आहे, असं मला ग्रुपमधल्या एका बाईने कळवलं. आता मला बरं आहे, उचलायची बंदी संपली की मी एसटीने धुळ्याला येणार आहे. बाई, तुमच्या समोरच्या खुर्चीत बसून मी हाच प्रश्न विचारणार आहे, आणि तुमच्याकडे बसलेल्या बायांच्या देखत विचारणार आहे. तुम्हाला पाणी आणि चरबी यातला फरक माहीत नव्हता, की माहीत असून आम्हाला सांगितला नाही? दोन्हींपैकी एक आहे. कुठलं, ते तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी उठणार नाही.